नक्कल करता करता : जॅझ गिटार शिकणाऱ्यांचा इतिहास

वर्गात एखाद्या मुलाने शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर उतरवून घेतले, तर आपण त्याला नक्कल म्हणतो आणि रागावतो. तोच मुलगा फळ्यावरचा नकाशा हुबेहूब उतरवतो, तेव्हा मात्र त्याला शाबासकी मिळते. गाणे शिकताना तर गुरूच्या गळ्यातली जागा शिष्याने शंभरदा गिरवायची, हीच रीत आहे. मग नक्कल ही शिकण्यातली खोट समजायची की शिकण्याची पहिली पायरी?

जॅझ गिटारच्या इतिहासात या प्रश्नाचा जणू एक प्रयोगच होऊन गेला आहे. साधारण १९२५ ते १९५५ या तीस वर्षांत हे वाद्य जॅझमध्ये नावारूपाला आले. त्या काळात जॅझ गिटार पद्धतशीर शिकवणाऱ्या शाळा नव्हत्या, पुस्तके फार थोडी होती. नवशिक्याजवळ असे ते एक वाद्य आणि ग्रामोफोनच्या काही तबकड्या. त्या ऐकून, तसेच वाजवायचा प्रयत्न करून तो शिके. आश्चर्य असे, की या नक्कल करणाऱ्यांतूनच एकाहून एक वेगळे, स्वतंत्र वादक तयार झाले. हे कसे घडले?

आधी जॅझबद्दल थोडेसे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांच्या हातून हे संगीत आकाराला आले. एक धून असते. तिच्याखाली स्वरसंगतींची, म्हणजे एकदम वाजवलेल्या स्वरांच्या गटांची, ठरलेली मालिका असते. या गटांना कॉर्ड म्हणतात. ही मालिका बहुधा १२ किंवा ३२ बारची असते आणि एका बारमध्ये सहसा चार मात्रा असतात. मालिका संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आपल्या तालाच्या आवर्तनासारखी. धून एकदा वाजवून झाली की वादक प्रत्येक फेरीत तिथल्या तिथे नवी सुरावट रचतो. आपल्या ख्यालातली उपज माहीत असलेल्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक असा, की आपल्याकडे षड्ज आणि राग स्थिर असतात, तर जॅझमध्ये पायाखालची कॉर्ड दर एक-दोन बारला बदलत राहते. त्यामुळे नवशिक्यापुढे दोन कामे असतात. बदलणाऱ्या कॉर्ड न चुकता वाजवायच्या आणि त्या बदलांना धरून स्वतःची सुरावटही रचायची.

ऐकूच न येणारे वाद्य

सुरुवातीच्या जॅझमध्ये गिटारला फारसे स्थान नव्हते. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट यांच्या गदारोळात तिचा आवाज बुडून जाई. त्या काळी भोंग्यापुढे वाजवून ध्वनिमुद्रण करत. तिथेही कडक आवाजाचा बँजोच उपयोगी पडे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि गिटारचे नाजूक स्वर तबकडीवर उतरू लागले. फिलाडेल्फियाचा एडी लँग (१९०२-१९३३) हा या संधीचा पहिला मोठा मानकरी. पण मायक्रोफोनची सोय स्टुडिओत होती. नाचाच्या मोठ्या दालनात, बारा-पंधरा वादकांच्या ताफ्यात, गिटारवाला मात्रेमात्रेला कॉर्ड छेडून ठेका धरी. सुरावट वाजवण्याचा मान त्याला क्वचितच मिळे.

हे चित्र बदलले ते विद्युतशास्त्राने. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आपण शाळेत शिकवतोच. तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक आणि वेटोळे असते आणि वर पोलादी तार ताणलेली असते. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र त्याच वारंवारतेने बदलते. त्यातून निर्माण होणारा क्षीण प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरने वाढवायचा आणि स्पीकरला द्यायचा. म्हणूनच या पिकअपवर नायलॉनची तार चालत नाही. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ईएस-१५० ही विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली. अ‍ॅम्प्लिफायरसह तिची किंमत सुमारे १५० डॉलर होती. आता गिटारवाला सॅक्सोफोनवाल्याच्या शेजारी उभा राहून एकेक स्वर ऐकवू शकत होता. पण विजेच्या गिटारवर एकेरी सुरावट कशी वाजवावी, हे शिकवणार कोण?

दोनदा नवशिका

त्याआधी युरोपात एक गिटारवादक एकाच वाद्याचा दोनदा नवशिका झाला होता. जँगो राइनहार्टचा जन्म १९१० मध्ये बेल्जियममधल्या लिबेर्शी गावी, भटक्या रोमा जमातीत झाला. १९२८ च्या शरदात त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून कायमची निकामी झाली. डावा हात म्हणजे तारा दाबण्याचा हात. बरे व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. त्या काळात त्याने उरलेल्या दोन बोटांनी सुरावट वाजवण्याची पद्धत स्वतःच बसवली. चार बोटांसाठी ठरलेल्या जागा त्याला निरुपयोगी होत्या. जिथे इतर वादक आडवी बोटे टाकत, तिथे तो दांडीवर सरळ वर-खाली धावे.

१९३१ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या तूलाँ येथे एका चित्रकाराच्या घरी त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकल्या आणि तो जॅझकडे ओढला गेला. आर्मस्ट्राँग वाजवी ट्रम्पेट. ट्रम्पेटची हुबेहूब नक्कल गिटारवर होऊच शकत नाही. फुंकर लांबवून स्वर धरून ठेवता येतो, छेडलेली तार मात्र लगेच विझत जाते. त्यामुळे जँगोला आर्मस्ट्राँगची वाक्ये घेताना त्यांचे भाषांतर करावे लागले, तेही दोन बोटांच्या भाषेत. १९३४ मध्ये पॅरिसला त्याचा तंतुवाद्यांचा पंचक ताफा उभा राहिला. व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली होता. या ताफ्याच्या तबकड्या अमेरिकेत पोचल्या.

सिगारच्या खोक्याची गिटार

ओक्लाहोमा सिटीत एक मुलगा शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासाला सिगारच्या रिकाम्या खोक्यांपासून गिटारी बनवत असे आणि त्या वाजवून सगळ्या वर्गाचे लक्ष उडवत असे. त्याच गावात वाढलेले कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी १९५८ च्या एका लेखात ही आठवण नोंदवली आहे. मुलाचे नाव चार्ली ख्रिश्चन. जन्म १९१६ चा, टेक्सासमधल्या बॉनम गावचा. वडील अंध होते आणि गाऊन-वाजवून कुटुंब चालवत. त्या काळी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या असत. पण ओक्लाहोमा सिटीतल्या या शाळांची संगीत-पर्यवेक्षिका झेलिया ब्रॉ ही कर्तबगार बाई होती. तिच्यामुळे मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शास्त्र शाळेतच भेटे, आणि गावातल्या नाचघरांत रात्री जॅझ ऐकायला मिळे.

ख्रिश्चनच्या कानात सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची लांब, सैल, वाहती वाक्ये बसली होती. विजेची गिटार हाती आल्यावर तीच चाल तो तारांवर आणू लागला. १९३८ मध्ये नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावी त्याचे वादन ऐकायला मेरी ऑस्बर्न नावाची एक सतरा वर्षांची मुलगी गेली होती. ती आधीपासून गिटार वाजवत असे. ऐकून आल्यावर तिने लगेच विजेची गिटार घेतली आणि एका मित्राकडून अ‍ॅम्प्लिफायर बनवून घेतला. पुढे ती न्यूयॉर्कमधली नामांकित जॅझ गिटारवादक झाली. तिची एक आठवण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ख्रिश्चन ‘सेंट लुई ब्लूज’ या रचनेत जँगोने मुद्रित केलेली फेरी स्वरन्‌स्वर तशीच वाजवी आणि लगेच पुढच्या फेऱ्यांत स्वतःचे विचार मांडू लागे.

म्हणजे विजेच्या गिटारला जॅझमध्ये स्वतःचा आवाज देणारा हा वादकही नक्कल करत होता, आणि ती लपवत नव्हता. फक्त तो तिथे थांबत नव्हता. ऑगस्ट १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात त्याची निवड झाली. पुढची जेमतेम दोन वर्षे तो वाजवू शकला. २ मार्च १९४२ रोजी क्षयाने, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. मागे राहिल्या त्या तबकड्या.

तबकडी काय सांगते, काय लपवते

तबकडीवरून गिटार शिकणे म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. हार्मोनियमवर एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारवर तसे नसते. नेहमीप्रमाणे जुळवलेल्या गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली, तर सेकंदाला सुमारे ३३० कंपनांचा स्वर मिळतो. हाच स्वर दुसऱ्या तारेवर ५ व्या पडद्यावर, तिसरीवर ९ व्या, चौथीवर १४ व्या आणि पाचवीवर १९ व्या पडद्यावरही मिळतो. एका स्वराच्या पाच जागा! तबकडी स्वर ऐकवते, पण तो कोणत्या जागी, कोणत्या बोटाने वाजवला ते सांगत नाही. मागचे आणि पुढचे स्वर कुठे बसतात ते पाहून शिकणाऱ्याने तर्क करायचा, करून बघायचे आणि चुकले तर जागा बदलायची. हे काम कोडे सोडवण्यासारखे आहे.

दुसरी अडचण वेगाची. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी तीनेक मिनिटांत संपते. त्यातली गिटारची फेरी अर्ध्या-पाऊण मिनिटाची असते आणि स्वर भराभर येतात. सुई उचलून पुन्हा मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचे. पुढे १९५० च्या दशकात ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्या रूढ झाल्या आणि काही ग्रामोफोनांवर १६⅔ फेऱ्यांचीही सोय आली. तबकडी अर्ध्या वेगाने फिरवली की प्रत्येक कंपनाला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे वारंवारता निम्मी होते. वारंवारता निम्मी होणे म्हणजे स्वर बरोबर एक सप्तक खाली जाणे. ‘ग’ हा ‘ग’च राहतो, फक्त खालच्या सप्तकातला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. वेग निम्मा, पण स्वरांची नावे तीच.

नक्कल संपते तिथे

या पद्धतीने शिकलेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी. जन्म १९२३ चा. लहानपणी तो चार तारांची गिटार वाजवत असे, पण सहा तारांची गिटार त्याने गंभीरपणे हाती घेतली ती विशीच्या उंबरठ्यावर, लग्न झाल्यावर. निमित्त झाली ख्रिश्चनची १९४१ मध्ये मुद्रित झालेली ‘सोलो फ्लाइट’ ही तबकडी. वेसला स्वरलेखन वाचता येत नव्हते. तो ख्रिश्चनच्या तबकड्या लावी आणि एकेक फेरी कानाने हुडकून पाठ करी. रात्री घरात सराव केला की शेजाऱ्यांची तक्रार येई. म्हणून त्याने पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, बाजूला ठेवली आणि अंगठ्याच्या मऊ भागाने तारा छेडायला सुरुवात केली. त्याच्या वादनाचा जगभर ओळखला जाणारा उबदार आवाज असा गैरसोयीतून जन्मला.

गावातल्या एका क्लबमध्ये त्याला काम मिळाले, ते ख्रिश्चनच्या फेऱ्या जशाच्या तशा वाजवण्यासाठी. लोक टाळ्या वाजवत. पण पाठ केलेले संपले की वेसजवळ वाजवायला काही उरत नसे. बाकीचे वादक वाजवत राहत आणि तो गप्प बसे. नक्कलेची मर्यादा याहून स्पष्ट कुठे दिसणार? त्याच्याजवळ वाक्ये होती, भाषा अजून यायची होती. दुसरा वादक सुरावट वाजवत असताना मागे योग्य कॉर्ड देणे, अनोळखी धून ऐकून तिच्यात शिरणे हे त्याला नंतर, इतरांबरोबर वाजवूनच शिकावे लागले.

१९४८ ते १९५० या काळात तो लायनेल हॅम्प्टनच्या ताफ्याबरोबर हिंडला. नंतर गावी परतून दिवसा नोकरी आणि रात्री क्लब असा क्रम त्याने वर्षानुवर्षे चालवला. दोन सप्तकांतला एकच स्वर एकदम वाजवत सुरावट फिरवण्याची त्याची खास तऱ्हा ख्रिश्चनच्या वादनात नव्हती. १९५९ मध्ये रिव्हरसाइड कंपनीने त्याला करारबद्ध केले. १९६० चा त्याचा ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’ हा संच गाजला. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. १९६८ मध्ये तो वारला, तोपर्यंत जगभरचे नवशिके त्याच्या तबकड्या हुडकून वाजवू लागले होते.

पुस्तके आणि वर्ग

हळूहळू या विद्येला शाळा मिळाली. बोस्टनमध्ये लॉरेन्स बर्क यांनी १९४५ मध्ये सुरू केलेली संस्था पुढे बर्कली या नावाने जॅझशिक्षणाचे केंद्र झाली. तिथले शिक्षक विल्यम लेव्हिट यांचे गिटारवरचे पाठ्यपुस्तक १९६६ मध्ये निघाले. त्याआधी, १९५५ मध्ये मिकी बेकरचे जॅझ गिटारचे पुस्तक आले होते. बेकरची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अनाथाश्रमांत वाढलेल्या या मुलाला एकोणिसाव्या वर्षी ट्रम्पेट घ्यायचा होता. खिशात १४ डॉलर होते. गहाणवटीच्या दुकानात तेवढ्यात गिटारच मिळत होती, म्हणून त्याने गिटार घेतली. संगीतशाळेतला संथ क्रम त्याला मानवला नाही आणि तो बराचसा स्वतःच शिकला. पुढे त्याच्यासारख्यांसाठीच त्याने छोट्या छोट्या पाठांचे पुस्तक लिहिले. १९६७ पासून जेमी एबरसोल्ड यांनी वेगळी सोय केली. तबकडीवर फक्त साथ मुद्रित केलेली, सुरावट शिकणाऱ्याने स्वतः रचायची. वेसला क्लबमध्ये जे जड गेले, त्याचा सराव आता घरी करता येऊ लागला.

पुस्तकांनी काय दिले, याचे एकच उदाहरण पाहू. शुद्ध स्वरांच्या सप्तकात जॅझमधला नेहमीचा तीन कॉर्डचा क्रम असा मांडता येईल : पहिली कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरी प-नी-रे-म, तिसरी सा-ग-प-नी. नवशिक्याला हे बारा स्वर पाठ करणे जड वाटते. पण प्रत्येक कॉर्डमधला फक्त तिसरा आणि सातवा स्वर पाहा, म्हणजे मूळ स्वरापासून मोजून. पहिलीत म आणि सा, दुसरीत नी आणि म, तिसरीत ग आणि नी. पहिलीकडून दुसरीकडे जाताना म जागेवर राहतो, सा एक अर्धस्वर उतरून नी होतो. दुसरीकडून तिसरीकडे जाताना नी जागेवर राहतो आणि म एक अर्धस्वर उतरून ग होतो. म्हणजे प्रत्येक वेळी एकच बोट एका पडद्याने सरकले की पुरे. हार्मोनियमवर हे दोन-दोन स्वर वाजवून पाहावेत, क्रम लगेच कानात बसतो. ख्रिश्चन आणि वेस यांच्या सुरावटी याच वाटेने जातात, हे नियम माहीत असलेल्याला चटकन ऐकू येते. शास्त्र नकलेच्या जागी येत नाही. नक्कल केलेल्या गोष्टीत काय ऐकायचे ते दाखवते.

मुंबईचा धागा

हीच तऱ्हा आपल्याकडेही दिसते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराला जॅझची गोडी लागली. लवकरच गोव्याचे वादक या ताफ्यांत दिसू लागले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलेखन आणि व्हायोलिन लहानपणीच शिकवलेले असे. कागदावर लिहिलेले ते सहज वाजवत. पण जॅझमधली उपज कागदावर नसते. ती त्यांनी तबकड्यांवरून आणि शेजारी बसून उचलली. ट्रम्पेटवादक आंतोनियो शाव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट आर्मस्ट्राँगची इतकी हुबेहूब आठवण करून देत, की लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. तेच पुढे सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. ‘अलबेला’ (१९५१) मधल्या गाण्यांत त्या शिकण्याची फळे आजही ऐकू येतात. कोलकात्यात अनेक वर्षे जॅझ गिटार वाजवणारे आणि शिकवणारे कार्लटन किट्टो (मृत्यू २०१६) हेही चार्ली ख्रिश्चनच्याच वाटेवरचे.

शिक्षकांसाठी

आज मोबाइलवर स्वर न बदलता वेग कमी करता येतो. चित्रफितीत वादकाची बोटे दिसतात. पाच जागांपैकी नेमकी जागा कोणती, हे हुडकावे लागत नाही. ज्याच्या गावात शिक्षक नाही, त्याला याचा मोठा आधार आहे, यात शंका नाही. पण वेस जे तास कोडे सोडवण्यात घालवत होता, त्याच तासांत त्याचा कान तयार होत होता. बोटे पाहून उतरवलेली सुरावट कानाला न शिवताही हातात बसू शकते. गिटारवर तर हा धोका अधिक, कारण एकदा बोटांची ठेवण जमली की ती तशीच वर-खाली सरकवून कोणत्याही पट्टीत वाजवता येते. हात हलतो, समज जागची हलत नाही.

म्हणून जुन्या वादकांची एक कसोटी उपयोगी वाटते. उचललेले वाक्य आधी गाऊन दाखवायचे, मग दांडीवरच्या दुसऱ्याच जागी, दुसऱ्या तारांवर तेच स्वर हुडकायचे आणि शेवटी त्याचा शेवट बदलून पाहायचा. ज्याला हे जमले, त्याने नक्कल केली असली तरी तो शिकला.

वर्गात हे करून पाहणे अवघड नाही. मुलांच्या ओळखीच्या गाण्याची एक ओळ दोन-तीनदा ऐकवावी आणि हार्मोनियमवर तिचे स्वर त्यांनाच हुडकू द्यावेत. पट्ट्यांवर आकडे लिहून देण्याचा मोह टाळावा. ओळ सापडली की दुसऱ्या पट्टीतून हुडकायला सांगावी. नंतर विचारावे, ही ओळ तुमच्या मनाने कशी संपवाल? गणितातल्या सोडवलेल्या उदाहरणालाही हीच रीत लावता येते. ते मुलांनी जरूर उतरवून घ्यावे, पण मग त्यातला एक आकडा किंवा एक अट बदलून द्यावी. शेजाऱ्याच्या वहीतून नुसते उतरवणारा तिथे अडतो. उतरवता उतरवता समजून घेणारा पुढे जातो. नक्कल केली का, यापेक्षा नक्कलेनंतर काय केले, हे विचारणे अधिक महत्त्वाचे.